चोवीस फडकी आणि एक

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत परदेशी सेवेसाठी नावं मागवली, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो मी. वय वीस, मॅट्रिक पास, पेटी बरी वाजवायचो आणि प्रवचन त्याहून बरं करायचो, असं माझं स्वतःचं मत. परदेश म्हणजे आफ्रिका, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. बोट लागू नये म्हणून आईकडून आल्याच्या वड्यासुद्धा करून घेतल्या होत्या. पाळकसाहेबांनी बोलावून सांगितलं, "शांतवन, तुला परभणी जिल्ह्यात जायचं आहे. निजामाचं राज्य. आपल्या हिशेबी तोही परदेशच."

आल्याच्या वड्या मी मनमाडपर्यंत खाऊन संपवल्या.

ठरलं होतं ते असं. मी सहा आठवडे बिनपगारी स्वयंसेवक म्हणून राहायचं. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मार्थाबाईंनी चांगला शेरा दिला तर मला कायमचं घ्यायचं. नाही दिला तर मामाच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसायचं. छापखान्यातल्या शाईच्या वासानं माझं डोकं दुखतं, त्यामुळे शेरा मिळवायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मार्थाबाईंचं पत्र मात्र विचित्र होतं. "प्रवचनं करणारा पाठवलात तरी हरकत नाही, पण त्याच्याबरोबर मांजरपाट जरूर पाठवा. हातभर रुंद, चौकोनी तुकडे. पाणी गाळायला हवे आहेत." त्या भागात नारू फार. नारू म्हणजे पायातून बाहेर निघणारा, दोऱ्यासारखा हात-दीड हात लांब जंत. तो पाण्यातून पोटात जातो आणि पाणी गाळून प्यालं तर जात नाही, एवढं पत्रात लिहिलं होतं. मंडळीतल्या बायकांनी चोवीस फडकी बेतली, कडा दुमडून शिवल्या आणि माझ्या आईच्या डोक्यात आलं म्हणून प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं बोटभर उंचीचा एक सुबक क्रूस भरला. आईनं एकटीनं नऊ भरले. इतकी देखणी फडकी पाणी गाळायला द्यायची म्हणून मला हळहळच वाटली.

करोडगिरीचा नाका

सरहद्दीवरच्या स्टेशनात निजामाच्या करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे लोक डब्यात चढले. स्टेशनाच्या पाटीवर वरती उर्दू. शिपायाच्या डोक्यावर पिवळी पगडी. माझं बोचकं सोडून एका दाढीवाल्या अंमलदारानं फडकी एकेक करून बाकावर मांडली.

"इत्ता कपडा काइकू, मियाँ?"

"पाणी गाळायला," मी म्हटलं. मग त्याला समजावं म्हणून, "पानी छानने के वास्ते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग फडक्यांकडं. "चोबीस कपडे? पानी बरातमें जारा क्या?"

अख्खा डबा हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? त्यानं स्वतःच बोचकं नीट बांधून दिलं आणि वर आपल्या पानाच्या डब्यातली सुपारी दिली. परदेशात पाऊल टाकताच कुणी सुपारी देईल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. बोली सोडली तर माणूस अगदी आमच्या नगरच्या नाक्यावरच्या रामभाऊसारखाच होता, दाढीसकट.

गंगाखेडहून पुढे

परभणीला गाडी बदलून गंगाखेडला उतरलो. तिथून राणीसावरगावच्या वाटेला खडकवाडी नावाचं गाव, तिथं आमचा दवाखाना. स्टेशनवर मला घ्यायला खुद्द डॉक्टर मार्थाबाई आल्या होत्या, तट्टावर बसून. बाई चांगल्या अंगानं भरलेल्या आणि तट्टू बारकं. मला पाहून त्या उतरल्या, माझं सामान तट्टावर लादलं आणि म्हणाल्या, "चल, तूही दमला असशील, पण हे जनावर जास्त दमलंय." मग आम्ही दोघं चालत आणि सामान तट्टावर, असा आमचा प्रवास झाला.

वैशाखाचं ऊन. काळी रानं भेगाळलेली, मधेच पळसाचं एखादं झाड, लांबवर बालाघाटाच्या डोंगरांची निळसर ओळ. वाटेत एका मळ्यात थांबलो. बाईंना तिथं सगळे ओळखत होते. मळेकऱ्यानं आम्हाला आंब्याच्या सावलीत बसवलं आणि पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यात वरून आंबील ओतली. ज्वारीचं पीठ ताकात शिजवलेलं, वरून लसणाची फोडणी. आमच्याकडं बाजरीचा जोर. ज्वारी पातळ करून पिता येते, हे मला माहीत नव्हतं. मी चार द्रोण प्यालो. मळेकरी म्हणाला, "पावणं लय भुकेलं दिसायलंय." मार्थाबाई म्हणाल्या, "आफ्रिकेला निघालं होतं, वाट चुकून इकडं आलंय." पाळकसाहेबांनी सगळं कळवलं होतं तर!

मुक्कामी पोचल्यावर भाकरीबरोबर येसराची आमटी मिळाली. येसर म्हणजे डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ, नुसतं पाण्यात उकळलं की झाली आमटी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तिसऱ्या दिवशी मी ती मागून घ्यायला लागलो.

बारव

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "बाई, प्रवचन कधी करू?"

"चल, तुझं व्यासपीठ दाखवते," म्हणत त्या मला गावाच्या बारवेवर घेऊन गेल्या. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या आणि तळाशी हिरवट पाणी. उन्हाळ्यानं ते पार खाली गेलं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना वरच्या पायरीपर्यंतच मुभा होती, म्हणून आम्ही वरूनच पाहत राहिलो.

खालच्या पायरीवर एक गडी पाय पाण्यात सोडून बसला होता. पायाला नारू निघालेला, आग होत होती. पाण्यात पाय घातला की त्याला बरं वाटे. त्याच्यापासून दोन हातांवर एक बाई घागर बुडवत होती.

"बघितलंस?" मार्थाबाई हळूच म्हणाल्या. "त्याचा नारू आत्ता पाण्यात पिलं सोडतोय. ती पिलं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि किडे त्या घागरीत. वर्षभरानं त्या बाईच्या घरात कुणाच्या तरी पायातून नारू निघेल. बरोबर पेरणीच्या तोंडावर. दरसाल या गावातले निम्मे गडी मृगाला आडवे असतात. दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं की किडा वर राहतो. एवढंच प्रवचन. यात पेटी वाजवायची असेल तर वाजव."

दवाखान्याच्या मागं आमचा स्वतःचा आड होता, पोहऱ्यानं शेंदायचा. पाणी खारट, पण त्यात कुणी पाय घालू शकत नव्हतं. बाईंनी मला बजावलं, "खारट असलं तरी हेच प्यायचं. बारवेच्या पाण्याचा थेंबही नको."

गावात नारूच्या दोन डॉक्टर होत्या. एक मार्थाबाई, दुसरी ठकूबाई. ठकूबाई धनगराची. उंच, काटक, पन्नाशीची आणि आवाज असा की डोंगरावरची मेंढरं एका हाकेत वळायची. पाच कोसांतले लोक तिच्याकडं नारू काढून घ्यायला येत आणि ती कुणाकडून काही घेत नसे. तिचं काम मी तिच्या अंगणाबाहेर उभा राहून पाहिलं. आधी पायावर गार पाण्याची धार. मग फोडातून डोकावलेलं पांढरं टोक दोन बोटांत धरायचं आणि पऱ्हाटीच्या काडीवर एक वेढा द्यायचा. एकच. काडी पायालाच बांधून ठेवायची आणि उद्या पुन्हा एक वेढा. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय महिनाभर सुजतो. वेढा देताना ती नारूशीच बोलत होती.

"ये बाबा, ये भाईर. घाई न्हाई. तुला बी घाई न्हाई, मला बी न्हाई."

रोगी विव्हळत होता आणि तरी हसत होता. मार्थाबाई तिच्याबद्दल म्हणत, "हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ती एकदा पाणी गाळायला लागली की गाव गाळेल. पण ती ऐकत नाही." ठकूबाईच्या घरात दरसाल कुणी ना कुणी पडलेलं असे. तिच्या दोन्ही मुलांना गेल्या पेरणीला नारू निघाला होता. दुसऱ्यांचे काढता काढता घरचं रान पडीक राहिलं, तरी तिचं मत कायम होतं. "नारू आंगातली उष्णता हाय. पाण्याचा काय संबंध?"

माझा शेरा या बाईच्या घागरीवर अवलंबून आहे, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

फडक्यांचे संसार

पहिल्याच आठवड्यात मी बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहून चोवीसही फडकी वाटली. बायकांनी ती अशी झटपट घेतली की मला माझ्याच वक्तृत्वाचा अभिमान वाटला. ठकूबाईनं घेतलं नाही, पण तिच्या सुनेनं, सखरूनं, पदराआडून हात पुढे करून घेतलं. मी नगरला पत्र टाकलं की, काम फत्ते.

पुढच्या आठवड्यात मी फडक्यांची चौकशी करायला गावात निघालो. पहिलं फडकं एका गड्याच्या काखेत दिसलं, भाकरी बांधलेली. दुसरं एका कोकराच्या गळ्यात, ऊन लागू नये म्हणून पाण्यात भिजवून. एकावर सांडगे वाळत होते. एक पोलीस पाटलाच्या दप्तराला गुंडाळलेलं होतं. त्या दप्तरातले महिने निजामाच्या पंचांगातले, वेगळेच, आपल्या वैशाखात त्यांचा खुर्दाद चाललेला, पण गुंडाळायला माझ्या आईचा क्रूस. सगळी फडकी सापडली, पण घागरीच्या तोंडावर एकही नव्हतं.

सखरू आपल्या वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन चालली होती. मुलीच्या डोक्यावर नवंकोरं टोपडं आणि बरोबर कपाळावर लाल क्रूस.

"ताई, हे पाण्यासाठी होतं ना?"

"कापड लय चांगलं हाय दादा," ती खाली बघत म्हणाली. "पण कोपऱ्यात तुमच्या देवाची खूण हाय. त्यातनं गाळलेलं पाणी प्यालं की माणूस किरिस्ताव होतंय, असं बाया मनायल्यात."

"मग मुलीच्या डोक्यावर चालतं?"

"डोक्यावर काय हुतंय? वरच हाय की. पोटात कुठं जायलंय?"

मार्थाबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "क्रूस? क्रूस भरलेत? मी बोचकं उघडूनच पाहिलं नाही! कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. प्रेमानं भरले."

"प्रेमानंच बुडवलं मला."

मग मी घरोघर फिरून फडकी परत मागितली. सतरा मिळाली. सखरूनंही टोपडं उसवून दिलं. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बसून मी दोन दिवस सुईच्या टोकानं क्रूस उसवत होतो. प्रभूच्या सेवेला निघालेला माणूस दोन दिवस प्रभूचा क्रूसच उसवतोय, हे नगरच्या मंडळीला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. आईचे टाके मला ओळखू येत होते, ती शेवटचा टाका नेहमी दुहेरी घालते. ते उसवताना मला खरोखर वाईट वाटलं. आणि इतकं करून फडकी धुतली, वाळवली, तर काय? दोरा गेला, पण सुईची भोकं राहिली. उजेडात धरलं की प्रत्येक कोपऱ्यात क्रूस, आधीपेक्षा ठसठशीत.

नेमकी तेव्हाच ठकूबाई मेंढरं घेऊन समोरून चालली होती. तिनं एक फडकं काठीच्या टोकानं उचलून उन्हात धरलं आणि खो खो हसली.

"काढलास तरी दिसायलाय की रं!"

मीही शेवटी हसलो. ती खूप वेळ हसत राहिली आणि जाताना म्हणाली, "लई कष्ट करायलास पोरा. उगंच."

ओंजळ

चौथा आठवडा लागला. मार्थाबाई एका अडलेल्या बाळंतिणीसाठी पालमला गेल्या होत्या. मी उसवलेली फडकी घेऊन पुन्हा बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि किड्यांची, पिलांची, घागरींची सगळी कथा पहिल्यापासून सांगू लागलो. घागरी भरायची वेळ होती, बायका येत-जात होत्या. ठकूबाई भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर आली आणि माझ्यासमोर थांबली.

"महिनाभर ऐकायले तुझं. आमचं पाणी वाईट हाय मनतोस. तू कवा प्यालास का आमचं पाणी?"

"नाही."

"का मनून?"

मी हातातली फडकी उगाच चाळू लागलो.

"आमच्या दारात आलास, आमची आंबील प्यालास, आमच्या लेकराला टोपडं दिलास. पाणी तेवढं न्हाई. पावण्याला आमी आधी पाणी देतो अन् मग इचारतो कुठनं आलाव. तू न पिताच नावं ठेवायलास." तिनं घागर खाली उतरवली. "पी. गाळू नको. किती दिसांनी निघतो मनतोस तुझा नारू?"

"वर्षानं."

"मग पी. सालानं निघाला तर तुझं खरं."

पायऱ्यांवरच्या बायका जागच्या जागी थांबल्या. कुणाची घागर अर्धी भरून तशीच पाण्यात राहिली. न प्यावं तर या बाईला मी पुन्हा तोंड दाखवू शकणार नव्हतो, आणि ती गेली म्हणजे गाव गेलं, माझा शेराही गेला. प्यावं तर नारू. मी चार आठवडे त्या नारूचं इतकं रसाळ वर्णन केलं होतं की, आता त्याला माझ्याइतकं कुणीच भीत नव्हतं. पवित्र शास्त्रातले धीराचे सगळे वेचे एकदम आठवले आणि एकही पूर्ण आठवला नाही.

मी वाकून ओंजळ पुढे केली. तिनं रिवाजाप्रमाणे हात न लावता वरून धार धरली. माझे हात थरथरायला लागले. मनगटं एकमेकांना घट्ट टेकवली तरी थांबेनात. निम्मं पाणी सांडून सदरा भिजला, निम्मं मी प्यालो. आणि खरं सांगतो, पाणी फार गोड होतं. महिनाभर खारट पाण्यानं विटलेल्या तोंडाला ते इतकं बरं लागलं की, भीती वाटत असतानाही आणखी एक ओंजळ प्यालो.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. ठकूबाई नुसती बघत राहिली. मग घागर उचलून म्हणाली, "साल जाऊ दे. मग बगू," आणि निघून गेली. तिच्यामागं बायकाही गेल्या. मी ओल्या सदऱ्यात तिथंच उभा राहिलो.

मला सगळ्यात लाज वाटली ती हात थरथरल्याची. चार बायकांपुढे माझा विश्वास उघडा पडला, असं वाटत होतं. पालमहून परत आल्यावर मार्थाबाईंनी ऐकलं तेव्हा त्या तट्टावरून उतरल्यासुद्धा नाहीत.

"याला शौर्य म्हणत नाहीत. याला गाढवपणा म्हणतात. माझ्या तट्टानंसुद्धा ते पाणी हुंगून सोडलं असतं."

राहिलेले दोन आठवडे मी दवाखान्यात पट्ट्या बांधल्या, औषधं कुटली, आडाचं पाणी शेंदलं. गावात कुणाच्याही दारी फडकं दिसलं नाही. ठकूबाईच्या घरात शिरायची मला मुभा नव्हती आणि बाहेरून दिसायचं ते अंगणच. निघताना सगळं गाव वेशीपर्यंत आलं, सखरूनं धपाटे बांधून दिले, एका बाईनं माझ्या आईसाठी अंबाडीचं बी दिलं. माणसं इतकी माया करत होती आणि माझं एवढंच एक ऐकत नव्हती. ठकूबाई मेंढरांकडं गेली होती म्हणे. तिची भेट झाली नाही.

मार्थाबाईंनी शेरा लिहिला तो मी वाटेत उघडून वाचला. "मुलगा कष्टाळू व आनंदी. फडकी चोवीस आणली. पाण्यावर एकही बसलं नाही." बाईंना खोटं लिहिता येत नाही, यात त्यांचा दोष नव्हता.

नगर, ज्येष्ठ महिना

मी छापखान्यात बसलो. मंडळीत माझी ओंजळीची गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि तिन्ही वेळा मी हात थरथरल्याचं वगळलं. मार्थाबाईंचं वर्षात एकच पत्र आलं, नाताळाचं. त्यात फक्त एवढंच की, ठकूबाई सुगीनंतर मेंढरं घेऊन गंगेच्या काठाला गेली आहे. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

आणि दोन आठवड्यांपूर्वी, खिळे जुळवत उभा असताना माझ्या डाव्या घोट्यावर आग सुरू झाली. संध्याकाळी फोड. दोन दिवसांनी फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं. आई रडायला लागली आणि मी एका पायावर घरभर नाचलो. "निघाला! आई, खरंच निघाला!" आईला वाटलं, ताप डोक्यात गेला. शेजारचे डॉक्टर चाकू घेऊन आले, त्यांना मी हात लावू दिला नाही. आगकाडीचं गूल काढून टाकलं आणि तिच्यावर एक वेढा दिला. एकच. नारूशी बोलायलाही लागलो, कारण ठकूबाईचं औषध अर्धवट घ्यायचं नाही.

त्याच दिवशी मार्थाबाईंना लिहिलं. "ठकूबाईंना सांगा, साल झालं. माझं खरं निघालं."

काल त्यांचं उत्तर आलं आणि एक पुडकं. पत्रातला मजकूर बाईंनी ठकूबाईच्या तोंडचा जसाच्या तसा उतरवला आहे, तो असा.

"त्या पोराला सांगा बाई, सालभर कोण थांबतंय? त्याच दिशी सांजच्याला मी माझ्या आईच्या लुगड्याचं धडपं काढून घागरीला बांधलं. लबाड माणूस असता तर घटाघटा प्याला असता, अन् मिशीवरून हात फिरवला असता. ह्याचा हात लटलट कापायला होता. कापायला होता तरी प्यालं. मी मनलं, ह्या पोराला खरंच दिसायलाय पाण्यात काईतरी. त्याच्या म्होरं बांधलं असतं तर फुगून डोक्यावर बसलं असतं, मनून घरात बांधलं. परक्याचं फडकं आमाला नको हुतं. आईचं लुगडं हरेक बाईकडं हाय की."

खाली मार्थाबाईंचं अक्षर. "मला हे आत्ताच कळतं आहे. मी घागरी अंगणात शोधत होते आणि त्या घराघरांत आतून बांधलेल्या. सखरूला चैत्रात एक नारू निघाला, तो आधीचा. पण या मृगाला ठकूबाईचे दोन्ही मुलगे आपल्या पायांवर उभे राहून तिफण धरत आहेत. पाळकसाहेबांना मी वेगळं लिहिलं आहे. पाय बरा झाला की ये. पेटी आणलीस तरी चालेल."

हे मी पाटावर पाय ठेवून लिहितो आहे. काडीवर अकरा वेढे झाले आहेत, अजून बरेच राहिले असावेत. हात थरथरल्याचं इथं पहिल्यांदाच लिहितो आहे, आणि येत्या रविवारी मंडळीतही उभं राहून सांगणार आहे. वर्षभर जिची लाज बाळगली तीच एक गोष्ट तिथं कामाला आली होती, आणि माझी सगळी प्रवचनं मात्र वाया गेली होती.

पुडक्यात एक फडकं होतं. जुन्या हिरव्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. एका कोपऱ्यात भंडाऱ्याचा, म्हणजे देवाच्या हळदीचा, पिवळा जर्द डाग. सोबत ठकूबाईचा निरोप. "बिरोबाच्या पायाला लावून दिलंय, नारू लवकर निघंल. आता तरी गाळून पी मनावं. डाग नको असला तर काढ, पण काढलास तरी दिसंल."

मी पत्र मोठ्यानं वाचत होतो. आईनं फडकं हातात घेतलं, उजेडात धरलं आणि त्या पिवळ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. आमच्याकडं नळाचं पाणी येतं, गाळायची काही गरज नाही. तरी ती उठली, ते फडकं दुहेरी केलं आणि आमच्या माठाच्या तोंडाला बांधलं.